पिल्लू म्हणून काय झालं?

कुत्र्याशी बोलायला आपल्या मराठीत शब्द मोजून दोन: 'यू यू' आणि 'हाड'. एकात आमंत्रण, दुसऱ्यात हकालपट्टी. मधे 'काय, बरं आहे ना?' अशी सोयच नाही. त्यामुळे मांडवीच्या किनाऱ्यावर हवा खायला आलेला सभ्य गृहस्थ अनोळखी पिल्लू दिसताच वरून झडप घालून त्याला उचलतो आणि 'कित्ती गोड!' म्हणतो. हेच कुणी त्याला मारुती मंदिराच्या चौकात केलं, तर तो पोलीस बोलावील.

खरं म्हणजे रत्नागिरीकराला हे शिकवायला नको. आमच्याकडे पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी 'आपण मूळचे कुठले?' हे विचारलं जातं. पिल्लूही तेच विचारतं, फक्त नाकाने. म्हणून त्याच्यापुढे ताडमाड उभं राहू नये. जरा अंतरावर, किंचित कुशीला वळून उकिडवं बसावं. नजरेला नजर भिडवू नये; सिनेमात ते प्रेम असतं, कुत्र्यांच्यात दमदाटी. हात सैल ठेवावा आणि त्यालाच येऊ द्यावं. ते हुंगतं, म्हणजे बँकेच्या भाषेत नमुना सही ताडून बघतं. जुळली, तर हनुवटीखाली हलकेच खाजवावं आणि हात काढून घ्यावा. पुन्हा जवळ आलं, तर खातं उघडलं. शेपूट पायांत घातली किंवा तोंड फिरवलं, तर अर्ज नामंजूर. आणि हो, पिल्लू हा अज्ञान खातेदार. आई किंवा मालक जवळ असेल, तर पालकाची संमती आधी. दात लागलाच, तर मानापमान बाजूला ठेवून जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा.

'एवढ्याशा जिवाला कसला आलाय मान?' असं कुणी म्हणेल. महाभारताला तसं वाटत नाही. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाशी सरमेचं पिल्लू येतं. हविर्द्रव्याला ते जीभसुद्धा लावत नाही, तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात. सरमा जाब विचारायला येते. राजपुत्रांपाशी उत्तर नसतं. शाप मात्र पदरात पडतो. आणि सतराव्या पर्वात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला साफ नकार देतो, तेव्हा तो कुत्रा निघतो साक्षात धर्म!

पिल्लाला मान कळतो की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. भीती कळते, एवढं माझ्यासारख्या बी.कॉम.ला पुरे. साहेब आले की आम्ही ताडकन उठतो, त्यात आदर किती आणि बदलीची धास्ती किती, याचा ताळेबंद आजवर कुणी मांडलेला नाही. पिल्लू काही आपली बदली करू शकत नाही. तेव्हा त्याच्यापुढे आपण जेवढे अदबीने वागू, तेवढाच आपल्या खात्यातला निव्वळ आदर.

आणि ते आलंच नाही जवळ, तर? गुडघे झटकून उठावं नि आपल्या वाटेने निघावं. त्याचं 'नको' ऐकून घेतलं, हाच नमस्कार झाला.