पेन कोणाच्या हातात?

जून २००९. सेंट पीटर्सबर्गच्या पूर्वेला पिकाल्योवो नावाचं वीस-बावीस हजार वस्तीचं गाव आहे. तिथले लोक महामार्गावर येऊन उभे राहिले आणि वाहतूक तुंबली. कित्येक महिन्यांचे पगार थकले होते, घरांतलं गरम पाणी तोडलेलं होतं. दोन दिवसांनी पंतप्रधान पुतिन आले. कॅमेऱ्यांसमोर त्यांनी मालकांना खडसावलं, ओलेग देरिपास्का या धनाढ्य उद्योगपतीला करारावर सही करायला लावली आणि वर आपलं पेन परत मागून घेतलं. पगार तातडीनं चुकते झाले.

पुतिन यांची वाहवा झाली. मला मात्र ते दृश्य लाजिरवाणं वाटतं. घामाचा पैसा मिळवायला रस्ता अडवावा लागतो आणि तो मिळाला की कोणाचे तरी उपकार मानावे लागतात, ही माणसांची विटंबना आहे.

हे संकट आभाळातून पडलं नव्हतं. सोव्हिएत काळात तिथं एकच कारखाना होता. कोला द्वीपकल्पातून नेफेलिन हे खनिज यायचं. त्यातून ॲल्युमिना काढायचा, सोडा आणि पोटॅश मिळवायचं, उरलेल्या गाळाचं सिमेंट करायचं. वाया फारसं काही जात नसे. खासगीकरणानंतर या एका साखळीचे तीन मालक झाले. कच्च्या मालाच्या भावावरून त्यांचं जमेना, त्यात २००८ची मंदी आली. एकाची भट्टी थंडावली, तशा दुसऱ्यांच्याही थंडावल्या. गावाला ऊब आणि गरम पाणी पुरवणारं औष्णिक केंद्रही कारखान्याचंच, म्हणून नळही गार पडले. समाजवादानं गाव वसवलं, पण कारभार गावाच्या हाती दिला नाही. मागून बाजार आला, त्यानंही दिला नाही.

पोलंडनं वेगळी वाट धरली. ८ मार्च १९९० रोजी तिथं स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि २७ मे रोजी गावोगावी निवडणुका झाल्या. संसदेची पूर्णपणे मुक्त निवडणूक व्हायला तेव्हा अजून सुमारे दीड वर्ष होतं. सुधारक येर्झी रेगुल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं याचा विचार करून ठेवला होता, म्हणून संधी येताच ते तयार होते. गावांना मालमत्ता मिळाली, करातला वाटा मिळाला, चुका करण्याचा हक्कही मिळाला. हा शेवटचा हक्क मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच देशातलं मिएलेत्स हे गाव एका विमानकारखान्यावर जगणारं. तिथली हजारो ॲन-२ विमानं सोव्हिएत संघात जात. ते गिऱ्हाईक कोसळलं आणि गाव उघड्यावर आलं. १९९५ साली पोलंडचं पहिलं विशेष आर्थिक क्षेत्र तिथं उभं राहिलं. करसवलत सरकारनंच दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका धन्याच्या जागी अनेक कारखाने आले आणि एकाला सर्दी झाली की साऱ्या गावाला ताप, ही अवस्था संपली.

सर्वांना न्याय मिळाला, असं मात्र मी म्हणणार नाही. सरकारी शेतीची केंद्रं १९९१च्या कायद्यानं गुंडाळली गेली आणि त्यांच्या वसाहतींतली माणसं वाऱ्यावर सुटली. १९९९ साली प्रांत ४९चे १६ झाले, तेव्हा एकतीस शहरांचं प्रांतिक राजधानीपण गेलं. ज्याला मालमत्ता नाही, शिक्षण नाही, त्याच्या हाती नुसती मतपेटी देऊन भागत नाही, हे सुधारकांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

रशियात एकाच उद्योगावर जगणाऱ्या गावांची सरकारी यादी झाली. तीत तीनशेहून अधिक नावं होती. त्यांच्यासाठी मॉस्कोहून निधी येऊ लागला. पण त्याच काळात बहुतेक मोठ्या शहरांतून महापौराची थेट निवडणूक काढून घेतली गेली. खिशात पैसे घालायचे आणि जीभ कापायची, याला मी विकास म्हणणार नाही.

पिकाल्योवोच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण कारखान्याच्या करातला किती वाटा गावाच्या तिजोरीत राहावा, कारखान्याचे तुकडे विकताना गावाला कोणी विचारावं की नाही, आणि घरातलं गरम पाणी मालकाच्या थकबाकीवर का अवलंबून असावं, यांपैकी एकाही प्रश्नावर त्या दिवशी कोणी सही केली नाही.