वाऱ्यातला सराव



लग्नाच्या चित्रीकरणासाठी येणारा ड्रोन आता आपल्याला नवा नाही. पण गेल्या काही वर्षांत आपली मुलेही हौसेखातर छोटे ड्रोन उडवू लागली आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी वैमानिकाचा परवाना लागत नाही. कुठे उडवायचा याचे निर्बंध मात्र आहेत. सकाळी हवा पडलेली असते तेव्हा कुणालाही ड्रोन उडवता येतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की खरा कस लागतो, आणि काही मुले मुद्दाम त्याच वेळी किनाऱ्यावर जातात.

वाऱ्यात एका जागी थांबलेला ड्रोन प्रत्यक्षात झगडत असतो. तो वाऱ्याच्या दिशेने कलतो, पंखे जोराने फिरतात आणि बॅटरी भराभर संपते. जीपीएस असलेला ड्रोन आपली जागा आपणच धरून ठेवतो. स्वस्तातला वाऱ्याबरोबर वाहू लागतो. त्याला बोटांनीच सावरावे लागते. म्हणून जाणकार सांगतात, आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना उरलेल्या बॅटरीला वाऱ्याची साथ मिळेल. झाडे आणि इमारती यांच्या आडोशाला जाऊ नका, तिथे वारा भोवऱ्यासारखा फिरतो. अडचण आली तर खाली या, कारण जमिनीलगत वारा कमी असतो. आणि मर्यादा ओळखा. डीजेआय मिनी २ या २४९ ग्रॅमच्या ड्रोनला ताशी सुमारे ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसतो, असे त्याचे निर्माते सांगतात. वारा ड्रोनच्या वेगापेक्षा जोरात असेल, तर रिमोटची दांडी पुढे कितीही दाबली तरी ड्रोन मागेच जातो.

या सगळ्यात जुने तत्त्वज्ञान आहे. ॲरिस्टॉटलने सांगितले की, घरे बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही सद्गुणाला अंगवळणी पडलेली चांगली सवय मानले. मग एखादा तरुण विचारतो, "फादर, वाऱ्यात उडवल्याशिवाय हात बसत नाही. मी दारू सोडली आहे. आता मित्रांच्या टेबलावर बसलो आणि ग्लासला हात लावला नाही, तर मनोबल वाढणार नाही का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोहापासून पळ काढण्याचा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तो काहींना भित्रेपणाचा वाटतो. शिवाय आपल्यातले काही आईवडील मुलांना कुठलाच वारा लागू देत नाहीत. अशी मुले पहिल्या नोकरीला बाहेरगावी गेली की पहिल्याच झोताला कोलमडतात. हेही खरेच आहे.

तरीही ही तुलना एका ठिकाणी तुटते. ड्रोन वर हेलकावे खात असतो तेव्हा रिमोट धरणारा मुलगा वाळूत घट्ट उभा असतो. वारा ड्रोनला लागतो, त्याच्या विवेकाला लागत नाही. म्हणूनच "आता पुरे, खाली आणू" हे त्याला कळते. दारूच्या टेबलावर तसे नसते. तिथला वारा थेट रिमोट धरणाऱ्यालाच लागतो. मर्यादा कधी ओलांडली हे ज्या मनाने ओळखायचे, तेच मन आधी ढळते. हरवलेला ड्रोन पुन्हा विकत घेता येतो, पण उडवणाराच वाहून गेला तर पुढचा सराव कोण करणार?

ख्रिस्तसभेला हे फार लवकर उमगले. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मर्ना शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे, छळ सुरू झाला, तेव्हा फ्रिजिया प्रांतातला क्विंटस नावाचा ख्रिस्ती आपणहून पुढे आला. इतरांनाही त्याने तसे करायला लावले. पण श्वापदे पाहताच त्याचा धीर सुटला आणि त्याने देवांना बळी अर्पण केला. त्याच शहराचे वृद्ध बिशप संत पॉलिकार्प मात्र लोकांच्या आग्रहावरून शेतावर जाऊन राहिले, तिथून दुसऱ्या शेतावर गेले. शिपाई आले तेव्हा त्यांना जेवू घातले, प्रार्थना केली आणि मग मरणापर्यंत अढळ राहिले. त्या मंडळीच्या पत्रात हे दोघेही आहेत, आणि आपणहून स्वतःला स्वाधीन करणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, असा तिचा स्पष्ट निवाडा आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण मोहापासून राखले जाण्याची विनंती करतो. मोहात उभे राहण्याची संधी मागत नाही.

मग सराव करायचा तरी कुठे? जिथे हरलो तरी पाप घडत नाही तिथे. उपवासकाळात आपण मटण-मासळी सोडतो ती वाईट आहे म्हणून नव्हे. चांगल्या, हक्काच्या गोष्टीला "आज नको" म्हणताना मनाला सौम्य वाऱ्यात कलायला शिकवता येते. एखाद्या दिवशी चुकलो, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोबाईल तासभर कपाटात ठेवणे, तोंडावर आलेले उत्तर गिळणे, रेशनच्या रांगेत न कुरकुरता उभे राहणे, हा सगळा तोच मोकळा किनारा आहे. ड्रोन मोकळ्या जागी उडवावा, लोकांच्या डोक्यावर नव्हे, हेही इथे लागू पडते. राग आवरण्याचा सराव बायको-मुलांच्या जिवावर करणारे पुरुष मी पाहिले आहेत. तो सराव नव्हे.

त्या तरुणाला माझे सांगणे असे: लग्नाचे आमंत्रण असेल तर मिस्साला जरूर जा, वधूवरांना भेट, पोटभर जेव आणि बाटल्या उघडायच्या आत घरी ये. मित्र हसतील, हसू देत. आणि मित्रहो, त्याला "एकाने काय होतेय" म्हणून तुम्ही हात धरून बसवू नका.