आडव्या अक्षावरचा काळ

तंत्रनिकेतनात मी मुलांना रॅम्प जनरेटर बांधायला लावते, तेव्हा आधी एक प्रश्न विचारते. सीआरओच्या (कॅथोड रे ऑसिलोस्कोपच्या) पडद्यावर आडव्या अक्षाला आपण काळ म्हणतो. तो तिथे येतो कुठून?

सर्किट साधं आहे: ५५५ टायमर, १२ व्होल्टचा सप्लाय, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. नुसत्या रेझिस्टरमधून कपॅसिटर भरला तर रेघ वाकते, कारण तो भरत जाईल तसा करंट घटतो. म्हणून मध्ये बीसी५५७ ट्रान्झिस्टर घालायचा, त्याच्या बेसचं व्होल्टेज लाल एलईडीने बांधून ठेवायचं आणि एमिटरला १.२ किलोओहम लावायचा. करंट १ मिलिअँपिअरच्या आसपास टिकतो. व्होल्टेज ४ वरून ८ पर्यंत सुमारे ०.४ मिलिसेकंदात सरळ चढतं. तिथे ५५५ कपॅसिटर झटक्यात उतरवतो आणि पुन्हा चढण सुरू. जुन्या सीआरओत असाच रॅम्प इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे नेतो. पडद्यावरचा काळ म्हणजे कपॅसिटरचं एका गतीने भरणं.

काळ म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या जुन्या दर्शनांनाही पडला होता. वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी काळाला नऊ द्रव्यांत बसवलं: एक, नित्य, सर्वव्यापी. आधी आणि नंतर, लवकर आणि उशिरा हे ज्ञान त्याच्यामुळेच होतं, असं त्यांचं अनुमान. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात (३.५२) मात्र क्षण तेवढा खरा, क्षण जोडून होणारे मुहूर्त, दिवस, रात्र ही बुद्धीची रचना. आणि क्षण किती? परमाणूला एक जागा सोडून पुढची गाठायला लागतो तेवढा. व्याख्येतच हालचाल आली.

मुलं विचारतात, करंट स्थिर आहे हे कशावरून? क्रिस्टलच्या घड्याळावरून. आणि क्रिस्टल? सीझियमवरून, १९६७ पासून त्याची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. बदल बदलाशीच ताडायचा. निखळ काळ कोणत्याच टोकाला हाती लागत नाही.

वैशेषिकांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा उरतो: इतक्या वेगळ्या वस्तू एकमेकींशी जुळतात कशा? या प्रश्नापाशी मी पुष्कळ थांबले आहे. त्या एकाच निसर्गनियमांनी चालतात, एवढं मला पुरतं. त्यासाठी सर्वत्र पसरलेलं वेगळं द्रव्य मानावं लागत नाही. माझा कौल भाष्याला.

म्हणून मुहूर्त टळला म्हणून मुलीचं शिक्षण वर्षभर लांबवणाऱ्या आईबापांना माझी विनवणी आहे: शास्त्रच हवं असेल तर हे भाष्यही शास्त्रच आहे, आणि त्यात मुहूर्ताचं नाव घेऊन तो बुद्धीची रचना असल्याचं सांगितलं आहे.