जुन्या ग्रंथाचा धनी कोण?

माझ्या कपाटात एक जीर्ण ग्रंथ आहे. आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले हे वऱ्हाडचे गॅझेटिअर मुंबईस १८७० साली छापले गेले. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, त्यानंतर सतरा वर्षांनी. पंचवीस वर्षांपूर्वी एका रद्दीवाल्याच्या ढिगातून हा ग्रंथ मी वजनावर विकत घेतला. त्याच्या पहिल्या पानावर एका ग्रंथालयाचा शिक्का आहे. पुसट, पण वाचता येण्याजोगा. ग्रंथ तेथून रीतसर बाद झाला की कोणी पळविला, हे शिक्क्यावरून कळत नाही. मीही कधी विचारले नाही.

मोगल, निजाम, मराठे, इंग्रज अशा सत्तांच्या सीमेवर जे मुलूख वसले, त्यांचा इतिहास बहुधा परक्या अधिकाऱ्यांनी लिहिला. ही पुस्तके कचेऱ्यांसाठी छापली जात, गावकऱ्यांसाठी नव्हे. म्हणूनच ती दुर्मिळ झाली, आणि आम्हा संग्राहकांना त्यांचा लोभ सुटला. (लोभ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.)

गतवर्षी मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे एका शिक्षकमित्राकडे मुक्कामास होतो. विवेकानंद आश्रमामुळे हे गाव आपणांपैकी अनेकांना ऐकून ठाऊक असेल. ग्रंथ सोबत नेला होता. मिरविण्यासाठीच, हे कबूल करतो. मित्राचे वृद्ध मामा साखरखेर्ड्याचे शेतकरी. त्यांच्या गावाजवळ ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान रणात पडला, निजामाच्या स्वतंत्र राज्याचा पाया तेथे घातला गेला, आणि विजेत्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेविले. लोकांनी मात्र जुनेच नाव जपले. मी इंग्रजी मजकुराचा अर्थ सांगत होतो, मामा एकाग्रतेने ऐकत होते. मग म्हणाले, "फादरसाहेब, आमच्या गावाची ही गोष्ट इतके वर्ष तुमच्याच कपाटात होती काय?"

त्यांच्या स्वरात रोष नव्हता. तरी त्या रात्री झोप आली नाही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनास यांचे एक प्रतिपादन आम्ही परीक्षेसाठी घोकले होते. वस्तू मिळविणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा व्यक्तीचा हक्क असू शकतो. उपभोगाच्या बाबतीत मात्र मनुष्याने ती सर्वांची मानावी, गरजवंताला देण्यास तत्पर असावे. धान्य आणि वस्त्र यांना हे लागू करणे मला कधी अवघड गेले नाही. पुस्तकाचा विचार मनातच आला नव्हता. शिवाय प्रत्यर्पणाचा नियम आहेच: दुसऱ्याचे असेल ते परत करावे.

संग्राहकाची सबब ठरलेली असते: "मी घेतले नसते तर रद्दीत गेले असते." ती अगदीच खोटी नाही. पण आपल्या फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण पाहा. १६१६ साली रायतूरला ते छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हाती उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली. पोथ्या उतरविणाऱ्यांनी तो कुलूपबंद केला नाही. वाचला, गायला, दुसऱ्याच्या हाती दिला.

कोणी म्हणेल, आता हे गॅझेटिअर संगणकावरही वाचता येते, मग एवढी टोचणी कशासाठी? खरे आहे, मामांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. पण माझ्या प्रतीवरचा शिक्का संगणकावरच्या प्रतीवर नाही.

परत येताच साखरखेर्ड्याच्या लढाईविषयीच्या मजकुराच्या छायाप्रती काढल्या, त्याचे मराठी भाषांतर केले आणि दोन्ही मित्राकडे पाठविली. त्या ग्रंथालयाला पत्र लिहिण्यास मात्र आणखी चार महिने लागले. गेल्या आठवड्यात ते पत्र टपालात टाकले. ग्रंथ कागदात बांधून टेबलावर ठेवला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.