मौन म्हणजे संमती?

अमेरिकेत नवे कार्ड आले की त्याचा क्रमांक व मुदत ग्राहकाने न कळवताही दुकानदारापर्यंत पोहोचू शकते. व्हिसाची ‘अकाउंट अपडेटर’ सेवा बँकेकडून हा तपशील घेऊन, जुने कार्ड नोंदवून ठेवलेल्या व्यापाऱ्यांना पुरवते. वर्गणी खंडित होत नाही, ही सोय खरीच. ग्राहकाने हरकत घेतली नाही, म्हणजे त्याची संमती आहे, असे येथे गृहीत धरले जाते. परंतु जे ठाऊकच नाही, त्याला हरकत कशी घ्यावी? संमती ही जाणतेपणी केलेली कृती होय. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन ठेवण्यास ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. विचारण्यास थोडा वेळ लागतो खरा. पण ज्याची वस्तू, त्याला विचारावे, हा साधा न्याय त्यात पाळला जातो.