यंत्राची साक्ष

साक्षीदार प्रामाणिक असला म्हणजे त्याची साक्ष बिनचूक असतेच, असें नाहीं. हा नियम आपण माणसांस लावतों. यंत्रांस लावण्यास मात्र विसरतों. वैद्यकाच्या उपकरणांत अंकांचें राज्य सुरू झालें असतां या विसराचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१५ सप्टेंबर २०२० रोजीं महाराष्ट्रांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. इतर जिल्ह्यांप्रमाणें हिंगोलींतही आरोग्यसेवक घरोघर जाऊन लोकांचें तपमान व रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण मोजूं लागले. औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या ज्या वाडीवर डॉक्टर सहसा पोंचत नाहीं, तेथें बोटाला लावलेला तो चिमटाच क्षणभर वैद्य झाला. त्या सांथींत कित्येकांचा प्राणवायू धाप लागण्यापूर्वींच घटत असे. जें रोग्यास कळलें नाहीं तें यंत्रास कळलें. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. चिमटा ९२ ते ९६ टक्के दाखवीत असतां धमनींतील रक्त तपासलें, तेव्हां प्राणवायू प्रत्यक्षांत ८८ टक्क्यांखालीं असल्याचें गोऱ्या रोग्यांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळां आढळलें. हें यंत्र बोटांतून प्रकाश पाठवून तो किती शोषला गेला यावरून अंक काढतें; आणि त्वचेंतील रंगही प्रकाश शोषतो. यंत्र खोटें बोललें नाहीं. त्यास शिकवितांना सांवळीं बोटें थोडीं होतीं, इतकेंच. हिंगोलीच्या उन्हांत राबणाऱ्यांचीं बोटें बहुधा सांवळींच असतात.

आतां वसमतच्या हळदीच्या रानांतून आलेली एखादी बाई म्हणते, “मला दम लागतो,” आणि चिमटा ९५ दाखवितो. कोणाची साक्ष ग्राह्य धरावी? अंक चुकला तर दोष कोणाचा: यंत्र घडविणाऱ्याचा, परवाना देणाऱ्याचा, कीं अंक लिहून घेणाऱ्याचा? १ एप्रिल २०२० पासून भारतांत सर्व वैद्यकीय उपकरणें औषधांच्या कायद्याखालीं आलीं, हें योग्यच झालें. परंतु कायदा उपकरणाची परीक्षा घेतो, अंक वाचणाऱ्याच्या विवेकाची नव्हे. ‘ई-संजीवनी’सारख्या सेवेमुळें गांवांतील रोगी दूरच्या डॉक्टरास दाखवितां येतो, तेथें अंक स्पष्ट पोंचतो, धाप तितकी स्पष्ट पोंचतेच असें नाहीं.

आमच्या मतें, दोन साक्षींत विरोध आला असतां अधिक विश्वासार्ह कोण, हा प्रश्न अपुरा आहे. कोणती चूक मागाहून सुधारतां येईल, हें पाहावें. बाईचें म्हणणें मानून तिला रुग्णालयांत धाडलें आणि कांहीं निघालें नाहीं, तर एका दिवसाची मजुरी बुडेल. ती भरून देतां येते. अंक मानून तिला घरीं पाठविलें आणि अंकच चुकला, तर भरून देण्यासारखें कांहीं उरत नाहीं. ज्याला धाप नाहीं पण ज्याचा अंक उतरला आहे, त्यालाही हाच न्याय लागू. म्हणून दोहोंपैकीं जी साक्ष धोका सांगते ती आधीं ऐकावी. मग ती यंत्राची असो, कीं माणसाची.