घोरपड सोडावी की भुंगेरा?

उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकावर इंदूरची गाडी लागायची होती. काका प्राणीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पुतणी वकील. क्षिप्रेतल्या जलपर्णीचा विषय निघाला आणि काकांचा तास सुरू झाला.

"सोंडेचा भुंगेरा सोडावा. जेमतेम पाच मिलिमीटरचा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. 1980 च्या दशकात बंगळुरूच्या तळ्यांत त्याने जलपर्णी आटोक्यात आणली. बैतूल जिल्ह्यात सारणीच्या जलाशयात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्याचाच एक भाऊबंद सोडला, तरंगतं नेचं संपवायला."

"परका प्राणी नदीत सोडायचा? कशाच्या भरवशावर?"

"त्याच्या खोडीच्या. दुसरं काही खातच नाही तो. घोरपडीचं तसं नाही. मायक्रोनेशियाच्या बेटांवर जपान्यांनी उंदीर मारायला घोरपडी नेल्या. उंदीर हिंडतात रात्री, घोरपड दिवसा. तिने कोंबड्या खाल्ल्या."

"मग जलपर्णी संपल्यावर भुंगेऱ्याचं काय?"

"तोही कमी होतो."

"म्हणजे काम चोख केलं की उपासमार. असल्या करारावर मी अशिलाला सही करू देणार नाही, काका."

काका इथे अडकले, आणि बराच वेळ अडकले. भुंगेऱ्याला दुःख कळतं का, इथून सुरुवात झाली. मग सगळे मरत नाहीत, जलपर्णीही समूळ जात नाही, तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. सगळं खरं. पुतणीने मात्र दुःखाबद्दल विचारलंच नव्हतं.

"कान्ह नदीतून इंदूरचं सांडपाणी येतंय, त्यावर जलपर्णी पोसते. गुन्हा माणसाचा, वेठबिगारी किड्याची."

वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असं विचारलं असतं, तर काकांनी त्याला खाली बसवलं असतं. इथे त्यांनी एकदम घोरपडच काढली.

"उपयोगाला आली की काय होतं, तिलाच विचार. 1972 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी कातड्यासाठी मारतात, तेलासाठी मारतात. आणि हाथाजोडी! दुर्मिळ मुळी म्हणून पूजेला विकतात. 2017 साली उघड झालं, ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं."

"मग माझंच म्हणणं झालं ना? भुंगेऱ्यालाही उपयोगासाठीच आणलं."

"त्याला कुणी वाळवत नाही."

"उपाशी ठेवतात."

"बरं, मग 2028 च्या सिंहस्थाला नदी कशी दाखवणार?"

"यंत्राने काढा."

"यंत्राने पानांबरोबर भुंगेऱ्याची अंडीही काठावर येतात, वाळून मरतात. ते चालेल तुला?"

पुतणी गप्प झाली. गाडी लागली होती. तिने काकांची पिशवी उचलली आणि खिडकीची जागा धरायला पुढे गेली.